नमुना क्रमांक सत्तावीस

तो चुकीच्या दारानं आत आला आणि मला धडकला. हातातला सीलबंद डबा त्यानं पटकन पाठीमागे लपवला.

"नमुना ना? खाली खिडकीवर द्यायचा," मी म्हणाले. "आणि एवढे लाजताय काय? मी दिवसभर तेच तपासते."

"म्हणजे… माझाही?" तो कानापर्यंत लाल झाला. "मी सत्तावीस नंबर."

झालं! आमच्या प्रयोगशाळेत डब्यावर फक्त नंबर असतो. माणूस कोण, ते तपासणाऱ्याला कळता कामा नये. आणि या शहाण्यानं पहिल्याच भेटीत सांगून टाकलं.

आतड्याला सूज येण्याचा आजार ज्यांना आहे, त्यांच्या सख्ख्या भावंडांना आम्ही दर तीन महिन्यांनी तपासतो. सूज धरली की शरीराच्या रक्षक पेशी एक प्रथिन सोडतात, पोट दुखायच्या कितीतरी आधी. ते शौचाच्या नमुन्यात वेळेत पकडायचं. याच्या ताईचा आजार कळायला चार वर्षं गेली होती, त्यानंच सांगितलं.

पुढे दर खेपेला तो डबा खाली देऊन वर यायचा. "रस्ता चुकलो," म्हणायचा.

"दोन जिने चढून?"

तो नुसता हसायचा… आणि मी? त्याची तारीख असली की केस दोनदा विंचरायचे. खोटं कशाला बोलू!

चौथ्या खेपेला सत्तावीसचा आकडा नेहमीच्या चौपट आला. पुन्हा तपासला, तेवढाच. आकडा मी आमच्या प्रमुख मॅडमना दिला, नंबर कुणाचा ते मला ठाऊक असल्याचंही कबूल केलं. त्यांनी त्याला दुर्बिणीच्या तपासणीला बोलावलं. पण हा पठ्ठ्या जाईल तर शपथ!

"पोटभर जेवतो, रोज पळतो," जिन्यात मला म्हणाला. "तुमचं मशीन बिघडलंय."

"मशीन धडधाकट आहे! डोकं बिघडलंय तुझं!" 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. "ताईची चार वर्षं पाहिलीस ना? तिला कुणी सांगायलाच नव्हतं. तुला सांगतायत, तर… जा ना रे!"

"तू रडतेयस?"

"सर्दी झालीय."

तो तपासणीला गेला. नुकतीच धरलेली सूज सापडली, नखाएवढी. गोळ्यांवर भागेल, डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी मी इतकी गुणगुणत होते की शेजारच्या टेबलावरचीनं हात जोडले.

आठवड्यानं तो वर आला. "आता तरी… बाहेर कॉफी?"

"नाही. ज्याचे नमुने तपासते त्याच्याबरोबर फिरायचं नाही, नियम आहे."

त्याचा चेहरा एवढासा झाला. मग मात्र मला राहवेना. मनगट धरून त्याला मॅडमच्या खोलीत नेलं. त्याचे नमुने दुसऱ्या कुणाकडे सोपवावेत, असा अर्ज मी सकाळीच दिला होता. मॅडम तोच वाचत होत्या.

"कारण," त्यांनी मोठ्यानं वाचलं, "मला हा माणूस आवडतो. फार."

माझी मान वर होईना.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "असाच एक अर्ज मलाही भरायला मिळेल?"