वीसच्या जागी चौदा

दिवा राहू दे तसाच. आमच्या साडूंच्या बाबतीत घडलेलं सांगतो.

तपासणीची यंत्रं बरोबर आहेत का, हे बघायची त्यांची नोकरी. वायरमनच्या रबरी हातमोज्यांवर वीस हजार व्होल्ट सोडून मोजे टिकतात का बघतात ना, ते यंत्र खरंच वीस हजार सोडतं का, हे साडू आपल्या मीटरवर पडताळणार.

मार्चमध्ये एक वायरमन शॉक लागून खांबावरच गेला. हातात पास झालेले मोजे होते. वीज कंपनीने लिहिलं, मोजे घातलेच नव्हते. साडूंची झोप उडाली. कारण जानेवारीत ते त्या यंत्राकडे फिरकलेच नव्हते. साहेबांच्या सांगण्यावरून जुनेच आकडे उतरवून दाखला दिला होता.

सतरा एप्रिल, गुरुवार. दिवसपाळी सुटल्यावर, रात्री साडेआठला ते आपणहून त्या यंत्राच्या खोलीत गेले. व्होल्टेज चालू असताना कोणी आत येऊ नये म्हणून दाराला आतून कडी लावली. वळून बघतात तर यंत्राभोवतीच्या जाळीपलीकडे, यंत्राच्या काट्याजवळ, एक वायरमन उभा. रखवालदाराने मदतीला धाडला असेल, असं त्यांना वाटलं.

“यंत्रावरचे आकडे वाचता का?” साडूंनी विचारलं.

“वाचतो.”

साडूंनी व्होल्टेज चढवलं.

“वीस,” तो म्हणाला.

साडूंच्या मीटरवर चौदा.

पुन्हा चढवलं.

“वीस.”

चौदा.

साडूंनी अहवालात चौदा लिहिलं.

“जानेवारीत वीस लिहिलं होतंत…”

“हो.”

“न बघता…”

साडूंनी बटण बंद केलं. मान वर केली.

कोणी नव्हतं.

कडी… तशीच. आतून.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, अहवाल फाडून टाका. साडूंनी नोकरी सोडली आणि तो कागद घेऊन थेट मार्चमध्ये गेलेल्या वायरमनच्या घरी, त्याच्या बायकोकडे गेले.

“वहिनी, यावर केस लढा. चूक त्यांची नव्हती. माझी होती.”

तिने पाणीही विचारलं नाही. “तेव्हाच लिहिलं असतंत तर…”

साडूंनी कागद तिच्यापुढे ठेवला.

मग तिची नजर कागदाच्या तळाशी गेली. साक्षीदाराचा रकाना साडूंनी कोरा सोडला होता. तिथे सही होती. ती उठली, मुलीचं प्रगतिपुस्तक आणलं, पालक म्हणून नवऱ्याने सही केलेलं पान उघडून शेजारी ठेवलं.

तीच सही. खालची अर्धी रेघसुद्धा.

“जा आता,” ती म्हणाली. कागद तिने ठेवून घेतला.

केस अजून चालू आहे. कंपनीचा वकील दर तारखेला एकच म्हणतो, साक्षीदाराला हजर करा.