ब्युटिरिकची बाटली

कॉलेजच्या रसायनशाळेत ती सहाय्यक म्हणून लागून जेमतेम महिना झाला होता. आधीची सहाय्यक बाळंतपणाच्या रजेवर गेली, ती परत आलीच नाही; बाळंतपणातच गेली म्हणे. नोकरी नवी, तेव्हा सांगतील ते काम नाक मुठीत धरून करायचं. पण ब्युटिरिक ॲसिडची बाटली हातातून निसटली, त्या दिवशी नाक खरोखरच मुठीत धरायची वेळ आली.

वास तरी कसला! लोणी महिनाभर कुजवावं, त्यात कुणीतरी ओकावं आणि वरून घामट मोजे पिळावेत, तसा. याच ॲसिडात मुलं अल्कोहोल घालून तापवायची आणि वर्गभर अननसाचा वास सुटायचा. तिच्या नशिबी अननस नव्हता.

घरी गेली, तर दहा महिन्यांची लेक तिला बघताच किंचाळली. तीन दिवस झाले, पोर तिच्या छातीला तोंड लावेना.

“तुझ्याच अंगाला येतोय गं तो वास,” सासूबाई नाक दाबून म्हणाल्या. “पोर उपाशी मरेल अशानं.”

तिला रडूच फुटलं. पोटच्या पोरीला आपली किळस यावी, याहून वाईट काय असणार?

प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांनी उपाय सांगितला. “खायचा सोडा लाव. ॲसिड असेल तिथे फेस येतो. दोन्ही मिळून क्षार झाला, की वास मेला. फेस नाही आला तर समज, ॲसिडच नाही.”

रविवारी भरदुपारी तिने ओल्या अंगाला सोडा चोळला. हात, मान, केस... कुठे एक बुडबुडा नाही. मग वास येत होता कुठून? ती घरभर हुंगत फिरली, आणि पाळण्याशी येताच तो भपकन नाकात शिरला. वास लेकीच्या अंगाला होता.

तिने पोरीला उचलून मांडीवर बसवलं. पोरीने नेहमीप्रमाणे तोंड फिरवलं, पाठ आईकडे. झबलं मागून ओलं होतं, थंड आणि बुळबुळीत. शिसारी गिळून तिने त्यावर सोडा भुरभुरला.

चुरचुर आवाज झाला. फेस आला, पण पसरला नाही. आधी एक तळवा उमटला, मग दुसरा. समोरून कुणी पोरीला छातीशी धरावं, तशी पाठीवर दहा बोटं. तिने आपला हात शेजारी लावून पाहिला. ती बोटं तिच्या बोटांपेक्षा पेरभर लांब होती.

“आई... हिला आत्ता कुणी घेतलं होतं?”

“कोण घेणार?” सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “सकाळपासून एकटीच पडून आहे बिचारी.”

फेस विझायला हवा होता. विझला नाही. बोटांची टोकं हळूच पुढे सरकली... आवळली. तिने पोरीची कंबर घट्ट धरली, तरी मांडीवरचं वजन हलकं होत चाललं होतं.

“सोड...” ती पुटपुटली. “माझी आहे ती...”

वाकून तिने लेकीचं तोंड पाहिलं. डोळे मिटलेले होते, आणि ओठ समोरच्या मोकळ्या हवेत चुटूचुटू हलत होते. ओठांच्या कडेने दाट, पिवळट दूध ओघळत होतं.