साक्षीदाराची सही

“अगं बाई, निघ की आता!”

परदेशातल्या त्या वाचनालयात झेरॉक्स मशीनला कुणी मराठीत विनवेल, असं त्याला वाटलं नव्हतं. तो वळला. भिजलेली वेणी, काखेत फाइल, कपाळावर आठ्या.

“झाकण उघडं आहे,” तो म्हणाला. “ते लावल्याशिवाय नाही ऐकायची ती.”

ती दचकली, पण लगेच सावरली. “मग बघत काय उभे राहिलात? लावा ना!”

आठवडाभर तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि मंगळवारच्या सुट्टीत इथे बसून नव्याने आलेल्यांचे अर्ज भरून द्यायचा. तिला इथल्या हॉस्पिटलात रक्त तपासायची नोकरी मिळाली होती. पण पत्त्याची नोंद झाल्याशिवाय रुजू होता येईना. आणि नोंदणी कचेरीने अर्ज परत पाठवला होता. शेरा : खोटी माहिती.

“मावशीच्या मुलाकडे राहते मी. घर त्याच्या नावावर. नातं काय विचारलं, मी लिहिलं भाऊ. यात खोटं काय?” तिचा आवाज भरून आला.

“कचेरी म्हणणार, आईवडील वेगळे आणि भाऊ?”

“जन्मापासून दादा म्हणते त्याला!”

“ते तुमच्या दादाला ठाऊक, कचेरीला नाही. मी तर तिन्ही काकांची मुलं भाऊ म्हणून लिहिली होती. तिथल्या साहेबांनी विचारलं, वडिलांची लग्नं किती?”

ती डोळे पुसता पुसता खुदकन हसली.

हिशेबच सांगायचा तर त्या दुपारी त्याने अर्जाकडे सात वेळा पाहिलं आणि तिच्याकडे अकरा वेळा. आपलं लक्ष नाही असं दाखवत तिने ते सगळं बरोबर मोजलं.

मग मावशीचा जन्मदाखला आला, त्याचं भाषांतर आलं, शिक्के आले. तिसऱ्या मंगळवारी सगळं जमलं होतं, तरी ती एक कागद मुद्दाम घरी विसरून आली. त्यानेही तो मागायला तासभर लावला.

चौथा मंगळवार शेवटचा. सहाच्या आत नात्याचा खुलासा समोरच्या कचेरीत पोचला नाही, तर अर्ज रद्द आणि नोकरी दुसऱ्याला. साडेपाचला फक्त साक्षीदाराची सही राहिली होती. त्याने पेन टेकवलं... आणि उचललं.

“मला नाही करता येणार सही.”

“आत्ता सांगताय? असं काय लिहिलंय त्यात?”

“अर्जदाराशी माझा कोणताही वैयक्तिक संबंध नाही.”

“मग? नातेवाईक थोडेच आहोत आपण!”

“नातेवाईक नाही, पण...” त्याने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. “मंगळवारची वाट बघतो मी. बुधवारपासून.”

तिचे कान तापले.

“वेडा आहेस का तू?” — तुम्हीचा तू झालेला दोघांनाही कळला. “तीन आठवडे तोंड शिवून बसलास, आणि नेमकं आज!”

“आजवर कुणी विचारलंच नाही. कचेरीने विचारलं.”

तिने कागद ओढून घेतले आणि ग्रंथपालबाईंच्या टेबलाकडे पळाली. बाईंनी कागद तपासले, ती ओळ वाचली, चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि सही ठोकली.

सहाला पाच मिनिटं कमी असताना ती पोच घेऊन बाहेर आली. तो कचेरीच्या पायऱ्यांवर उभा होता.

“घेतला अर्ज?”

“घेतला. सोमवारी रुजू.”

“म्हणजे आता... मंगळवारचं काम संपलं.”

“संपलं,” ती म्हणाली. दोन पायऱ्या उतरली आणि त्याच्या शेजारी थांबली. “उद्या बुधवार आहे. कितीला सुटतोस?”