नऊ कुंड्यांची पाव गिरकी

भिंतीत पक्की बसवलेली मांडणी फिरवायची कशी?

चंद्रावरच्या वसाहतीत मृण्मयीचे आजोबा भाजीपाल्याचे शास्त्रज्ञ होते. त्यांच्या मांडणीवर तीन ओळींत तीन-तीन कुंड्या होत्या. दिवा एकाच बाजूला, त्यामुळे तिकडची मेथी माजायची आणि पलीकडची मिरची रुसायची. म्हणून दर सोमवारी आपसात जागा बदलून सगळ्या कुंड्यांना उजवीकडे पाव गिरकी द्यावी लागे.

"जो याचा प्रोग्रॅम लिहील, त्याला मी चंद्राच्या पलीकडची दुर्बीण दाखवायला नेईन," आजोबा म्हणाले. "गाडीत जागा एकच आहे, बाळा."

हे 'बाळा' त्यांनी ठोंब्या नावाच्या यंत्रमानवाला म्हटलं. गेली दहा वर्षं बाळा म्हणजे मृण्मयी होती. ठोंब्या तर मागच्याच महिन्यात खोक्यातून निघाला होता. मृण्मयीचा असा जळफळाट झाला, की छतावरच्या धूरसूचकाने तिच्याकडे वळून पाहिलं.

ठोंब्याने कुंड्यांना वरच्या डाव्या कोपऱ्यापासून ओळीने एक ते नऊ आकडे दिले. "ही झाली मॅट्रिक्स (ओळी आणि स्तंभांत केलेली मांडणी). आता प्रत्येक कुंडीची ओळ आणि स्तंभ यांची अदलाबदल. याला ट्रान्स्पोज म्हणतात (आडव्या ओळींचे उभे स्तंभ करणं)."

बराच वेळ खुडबुड करून तो म्हणाला, "काम पूर्ण."

सगळ्या कुंड्या होत्या तिथेच होत्या.

मृण्मयीला इतका आनंद झाला, की तिने त्याला पाणी हवं का विचारलं.

"मी पाणी पीत नाही, ताई. माझं काय चुकलं?"

चूक तिला दिसली होती, पण तिने तोंड मिटून स्वतःचा प्रोग्रॅम चालवला. वरची ओळ आली १ ४ ७. हवी होती ७ ४ १.

"ताई, तुझी गिरकी आरशातली आहे. दुरुस्ती मला माहीत आहे."

मृण्मयीने दात आवळले. "आधी तुझं ऐक. दोनची कुंडी तू चारच्या जागी नेलीस. मग चारच्या जागेची पाळी आली, तेव्हा तीच परत आणलीस. फक्त कर्णाच्या (वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यात जाणाऱ्या तिरक्या रेषेच्या) वरच्या कुंड्या घ्यायच्या. खालच्या आपोआप बदलतात. आता बोल."

"पुढे प्रत्येक ओळ उलटी करायची."

७ ४ १
८ ५ २
९ ६ ३

"प्रोग्रॅम कुणाचा?" आजोबांनी विचारलं.

मृण्मयीने मेथीचं एक पान खुडलं. "अर्धा त्याचा," ती शेवटी पुटपुटली.

आजोबांनी डोकं खाजवलं. "त्याला हवा लागत नाही. गाडीच्या टपावर बांधू."

वाटेत ते म्हणाले, "त्या दुर्बिणीची चित्रं आडवी येतात. सरळ करायची आहेत. पण तिथे ओळी हजारोंनी आहेत हं."

"असू देत. पायऱ्या दोनच," पुढच्या सीटवरून मृण्मयी ऐटीत म्हणाली.

तेवढ्यात रेडिओवर ठोंब्याचा आवाज आला. "ताई, पृथ्वी मावळतेय. इथून अख्खी दिसते."

मृण्मयीने मान वाकडी करून पाहिलं. खिडकीतून अर्धीच दिसत होती.

"आजोबा," ती म्हणाली, "टपावर अजून एक जण मावेल का?"