गोलनारच्या सायकलची दांडी

उतरताना गोलनारच्या मांतोचा, म्हणजे लांब कोटाचा, घेर सायकलच्या आडव्या दांडीत अडकला आणि ती भर रस्त्यात लटकून राहिली, एक पाय जमिनीवर, एक हवेत. पडता येईना, उतरता येईना. इराणातल्या यज्द शहरातली दुपार, धुळीचा वारा, आणि समोर नेमकं सायकल दुरुस्तीचं दुकान!

आतून एक तरुण धावत आला. त्यानं हँडल घट्ट धरलं आणि मान वळवून समोरच्या गच्चीकडे बघत उभा राहिला.

"मी बघत नाहीये, खानूम. सावकाश सुटा."

"बघत नाही, तर मी अडकलेय हे कळलं कसं?"

"ते... आधी बघत होतो." त्याचे कान लाल झाले.

त्याचं नाव क्यूमर्स. आणि सायकल गोलनारच्या आजोबांची, साठ वर्षांची, सळीच्या ब्रेकांची, चेनवर पूर्ण झाकण असलेली. जाताना त्यांनी ती नातीला दिली. का दिली, ते घरात कुणाला कळलं नव्हतं. गोलनारला कळलं होतं. तिच्या पायांना लहानपणापासून एका जागी चैन नव्हती. दिवसभर मिठाईच्या कारखान्यात वेलदोडे कुटायचे आणि समोरच्या भिंतीकडे बघायचं. येता-जाता तरी तोंडावर वारा हवा की नको?

पण तिच्या दादाला, फर्शीदला, सायकल वेगळ्याच कामासाठी हवी होती. त्यानं नवा मुसाफिरखाना काढला होता. आजोबांची सायकल जशी होती तशी चकचकीत करून तिथल्या भिंतीवर टांगायची, पाहुणे फोटो काढतील. "तुला ती चालवता येत नाही आणि माझी भिंत रिकामी आहे," असा त्याचा साधा हिशोब. महिना संपला की तो न्यायला येणार होता.

"दोनच वाटा आहेत," क्यूमर्सनं सायकल सगळ्या बाजूंनी बघून सांगितलं. "एक तर होती तशी करायची. नाहीतर दांडी कापून खालून तिरकी नळी जोडायची, लेडीज सायकलसारखी. मग तुम्ही आरामात बसाल. पण एकदा कापली की कापली."

"तुम्हाला काय वाटतं?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"छे! जाणकार तुम्ही."

"मी कोण? तुमचा सेवक."

इथंच घोडं अडलं. यज्दची माणसं दारातून आत जाताना 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत चहा गार होईपर्यंत बाहेर उभी राहतात. या दोघांनी तसे तीन आठवडे काढले. गोलनार एक दिवसाआड यायची. क्यूमर्सनं चेन धुतली, घंटी घासली, चाकाची एकेक तार सरळ केली. निर्णय तेवढा होईना.

"आज वेलदोडा जास्त झालाय," तो मान वर न करताच म्हणायचा.

"नाक फार तिखट आहे हो तुमचं."

"काही ठरावीक दिवशीच चालतं ते."

ती हसू दाबत घंटी वाजवून बघायची... उगाच.

एकदा तो चाचरत म्हणाला, "शुक्रवारी सकाळी... ताफ्त गावाच्या रस्त्याला फिरायला येता? माझ्याकडे जास्तीची एक सायकल आहे."

"तुम्हाला कशाला त्रास?"

"त्रास कसला?"

"नको, खरंच."

"मी मनापासून विचारतोय..."

"कृपा आहे तुमची. नको."

तीन नकार झाले. तिसऱ्या नकारानंतर गप्प बसतो तो भला माणूस. क्यूमर्स गप्प बसला. गोलनार चौथ्या वेळी 'हो' म्हणणार होती. चौथी वेळ आलीच नाही! घरी जाऊन तिनं उशीला चार गुद्दे घातले आणि सगळा शुक्रवार खोलीत येरझाऱ्या घातल्या.

पुढच्या बुधवारी दादाचा निरोप आला, उद्या सकाळी सायकल नेतो. गोलनार हात न धुताच दुकानात आली.

"आज मला सेवक नकोय, आगा क्यूमर्स. खरं बोला. कापायची की नाही?"

त्यानं फडक्याला हात पुसले.

"खरं?"

"खरं."

"नाही. माझा हात धजत नाही. असा सांगाडा आता कोण बनवणार? आणि..."

"आणि काय?"

"आणि नाही कापला, तर उद्या ही भिंतीवर जाईल. मग तुम्ही इकडे कशाला याल?"

या दुकानात पहिल्यांदाच कुणीतरी तिला सरळ 'नाही' म्हणालं होतं. गोलनारला राग यायला हवा होता. उलट जीव इतका हलका झाला, की ती जवळच्या स्टुलावर बसलीच.

"आता माझं ऐका. आजोबांनी सायकल मला दिली, भिंतीला नाही. कापा."

"जशी आज्ञा—"

"आज्ञा नाही हो! तुमचं मत वेगळं आहे, ते कळलं मला. तरी कापाल?"

"कापेन. पण वाईट वाटून कापेन."

"चालेल. वाटू दे."

त्यानं खडूनं रेघ मारली. "इथं धरा. हलू देऊ नका." करवत चालू झाली. तिची थरथर दांडीतून गोलनारच्या मनगटात, तिथून थेट छातीत. लोखंडाचा कीस तिच्या मांतोवर चमकत पडत होता. निम्म्यावर तो थांबला.

"अजून वेळ गेलेली नाही. पितळ ओतून बुजवतो, वर रंग देतो. दादाला कळणारही नाही."

"थांबू नका."

चार हात मारून झाले. मग मान खाली घालूनच तो म्हणाला, "शुक्रवारी... आईला तुमच्या घरी पाठवू?"

मुलाची आई कशासाठी येते, हे यज्दमधल्या पोरीला सांगावं लागत नाही. आणि उत्तर काय द्यायचं तेही ठरलेलं, नजर जमिनीला आणि 'घरचे म्हणतील तसं'. गोलनारनं नजर उचलली.

"पाठवा."

"विचार करून सांगा, घाई—"

"क्यूमर्स! पाठवा म्हटलं ना?"

करवत खडूच्या रेघेवरून सरकली.

"वाकडी चाललीय," गोलनार म्हणाली.

"दिसतंय मला."

पण सरळ करण्याइतका धीर दोघांनाही नव्हता. चार-सहा घाईचे हात, आणि टण्णकन दांडी सुटली. सायकल आता भिंतीच्या कामाची उरली नव्हती.