अंगावरचे वळ

जोडी किविनेननं दार साखळी लावूनच उघडलं. समोर राज्याच्या कामगार खात्याची तपासनीस एलिन स्टॉर्डाल उभी होती. ओळखपत्र दोनदा पाहून जोडीनं साखळी काढली.

तिचा नवरा रॉस छपरं बसवायचा. आदल्या दिवशी डुलुथ शहरात चढावरल्या एका घराच्या छपरावरून तो पडला. इस्पितळात नेल्यापासून तो बेशुद्धच होता. छपरांच्या कंपनीचा मालक डेल ब्रॅकेट यानं तिला फोनवर सांगितलं होतं की रॉस नोकर नव्हता, स्वतंत्र कंत्राटदार होता. विमा त्याचा, चूकही त्याचीच. वर, गप्प राहा, असंही.

"तो कर स्वतःच भरायचा," जोडी हळूच म्हणाली. "मालकाच्या वाट्याचाही. कागदावर तसंच होतं. घर जाईल का हो?"

इस्पितळात डॉक्टरांनी एलिनला रॉसच्या मांड्यांवरचे आणि छातीवरचे जांभळे वळ दाखवले. रुंद, सरळ पट्ट्यांचे. पण रुग्णवाहिका आली तेव्हा त्याच्या अंगावर, छपरावरून पडू नये म्हणून दोराला अडकवतात तो सुरक्षापट्टा नव्हता.

रॉसची गाडी अजून त्या घरासमोरच होती. दारावर चुंबकाची पाटी: 'किविनेन रूफिंग'. एलिननं ती उचकटली. खाली, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाचा पांढरा थर जसाच्या तसा होता.

छपरावर त्या दिवशी रॉसबरोबर त्याचा सहकारी वेड लिंडगार्ड होता. एलिननं त्याला गाठलं. वारा सुटला म्हणून आपलं निळं जर्किन छपरावरच रॉसला घालायला दिलं, एवढंच तो बोलला. त्याची नजर सारखी खिडकीबाहेर जात होती.

दुपारी एलिननं ब्रॅकेटला वेडसमोरच बसवलं.

"काल तुम्ही कुठं होता?"

"गोदामात. दिवसभर."

"वेडशी बोललात?"

"एक शब्द नाही. अपघाताचं मला इस्पितळातून कळलं."

"गाडीवरची पाटी?"

"कायमचीच. स्वतःचा धंदा होता त्याचा."

"आणि सुरक्षापट्टा?"

"घालायचाच नाही. नुसत्या निळ्या जर्किनवर चढला होता, मी काय करणार?"

वेडनं मान खाली घातली.

"जर्किन वेडचं आहे," एलिन म्हणाली. "छपरावर चढल्यावर त्यानं दिलं. तुम्ही तिथं आल्याशिवाय ते तुम्हाला कळलं कसं?"

मग एलिननं उलगडा केला. रॉसनं पट्टा घातला होता. दोर मध्येच तुटला, त्याच्या हिसक्यानं वळ उठले. पट्टा आणि दोर कंपनीचे होते. कोणाच्या अवजारांनी काम होतं, केव्हा यायचं हे कोण ठरवतं, बदली माणूस पाठवता येतो का, हे बघून माणूस नोकर की कंत्राटदार ते कायदा ठरवतो. कागदावरचं नाव पुरेसं नसतं. तो पट्टा सापडला असता तर रॉस नोकर ठरला असता आणि जुनाट दोराचा जाब मालकाला द्यावा लागला असता. म्हणून पट्टा काढला गेला आणि मिठानं माखलेल्या दारावर पाटी चिकटवली गेली.

"वेड, तुम्ही आधी फोन कोणाला केलात?"

"मालकांना." वेड म्हणाला. "ते म्हणाले, तूही कंत्राटदारच, दोर तू बांधलास, तुरुंगात तू जाशील."

"तुम्हीही त्यांचे नोकरच आहात. दोर त्यांचा होता."

वेड रडायला लागला. "पट्टा काढून होईपर्यंत यांनी मला रुग्णवाहिका बोलवू दिली नाही. रॉस शुद्धीवर होता तेव्हा. यांच्याकडं बघत होता."

पट्टा ब्रॅकेटच्या गोदामात सापडला. त्याच्यावर खटला भरला गेला. रॉसच्या उपचारांचा भार कंपनीच्या विम्यावर आला, घर राहिलं.

आठवड्याभरानं रॉसनं डोळे उघडले. खाटेवरून पडू नये म्हणून छातीवर बांधलेला पट्टा सैल करायला नर्स वाकली, तशी त्यानं दोन्ही हातांनी तिचं मनगट घट्ट धरलं. जोडीनं किती समजावलं, तरी तो सोडेना.