छपराखालचं छप्पर

माझ्या बहिणीच्या, व्हर्नाच्या, घरावर तीन छपरं होती. एकावर एक. यात विशेष काही नाही. आमच्या लेक ऑटिली गावात जुनं छप्पर उखडायची रीतच नाही. फ्लोरिडाच्या उन्हानं डांबरी शिंगलांच्या, म्हणजे छपरावर ठोकलेल्या चपट्या तुकड्यांच्या, कडा पापडासारख्या वळल्या, की त्यांच्यावरच नवे शिंगल ठोकायचे आणि खाली येऊन बिअर उघडायची. उखडत बसलं तर आठवडा जातो. वरून ठोकलं तर शनिवार-रविवारात काम आटोपतं आणि नवरा उपयोगाचा आहे असं बायकोला काही काळ वाटतं.

सगळ्यात खालचं छप्पर घर बांधणाऱ्याचं. वरची दोन व्हर्नाच्या नवऱ्याची, डेल्बर्टची. तिसऱ्याच्या शेवटच्या ओळी ठोकायला तो एका दुपारी जेवून वर चढला, आणि खाली उतरलाच नाही. संध्याकाळपर्यंत हातोड्याचा आवाज येत होता. मग व्हर्ना थंड चहा घेऊन बाहेर आली, तर शिडी भिंतीला टेकलेली, छप्पर पुरं झालेलं, आणि वर कुणी नाही.

त्याच आठवड्यात पोहण्याच्या तलावांची औषधं विकणारी एक बाई गाव सोडून गेली होती. गावानं हिशेब जुळवला. डेल्बर्टची गाडी दारातच उभी होती, पण ती अडचण गावानं लीलया ओलांडली. त्या बाईला स्वतःची गाडी नव्हती की काय?

याला वीसेक वर्षं झाली. व्हर्नानं घटस्फोट घेतला नाही आणि शोकाचे काळे कपडेही घातले नाहीत. "मेला असेल तर रडेन," ती मला म्हणायची, "पळाला असेल तर त्याची मासेमारीची पेटी तळ्यात फेकीन. पण ऑर्वी, दोन्हीपैकी काय करायचं ते मला कुणीतरी सांगा रे."

यंदा विमा कंपनीनं कळवलं, की वादळांचे दिवस सुरू व्हायच्या आत तिन्ही छपरं फळ्यांपर्यंत उखडून नवं घाला, नाहीतर विमा बंद. व्हर्नानं आठवडाभर टाळलं. शेवटी "उखडा," म्हणाली.

छपरं घालणारा युसेबिओ आपल्या दोन मेहुण्यांना घेऊन सकाळीच आला. मी अंगणातल्या संत्र्याच्या झाडाखाली घडीची खुर्ची टाकून बसलो. जन्मभर जमिनी मोजल्या. आता दुसऱ्याला उन्हात राबताना पाहणं हे माझं निवृत्तिवेतन.

त्यांनी आधी टीव्हीची जुनी डिश काढली. तिच्याखाली शिंगलांवर एक कोरा काळा गोल निघाला. बाकी छप्पर उन्हानं राखेच्या रंगाचं झालं होतं.

"बघा काका, मूळ रंग हा," युसेबिओ वरून ओरडला. "उन्हानं खाल्लं नाही तेवढंच शिल्लक."

"माझंही तसंच आहे, पण ते दाखवता येत नाही," मी म्हणालो. मेहुणे हसले.

पातळ फावडी शिंगलांखाली शिरत होती, खिळे करकरत सुटत होते, डांबराचा वास अंगणात उतरत होता. दुपारी आवाज एकदम थांबला.

"काका, जरा वर येता?"

"माझे गुडघे माझ्याआधी निवृत्त झालेत. तिथूनच सांग."

"सांगण्यासारखं नाही हो."

मी चढलो.

वरचं छप्पर निघालं होतं. खालचं दुसरं छप्पर तसंच राखी, विटलेलं. आणि त्याच्या मधोमध एक काळा आकार होता. पालथा पडलेला माणूस. डोकं आढ्याकडे, एक हात पुढे ताणलेला, टोपीचा पुढचा भागसुद्धा दिसत होता.

"कुणीतरी झोपलं असेल इथे," एक मेहुणा म्हणाला.

"वर्षानुवर्षं?" युसेबिओनं विचारलं.

"ताडपत्री पडून राहिली असेल," मी समजुतीच्या सुरात म्हणालो. "तिच्या सावलीचा डाग."

"पाच बोटांची ताडपत्री?"

त्यांनी फावडी उचलली. मेहुण्यांनी तो आकार वगळून चारी बाजूंनी उखडलं. शेवटचा तुकडा युसेबिओला एकट्याला काढावा लागला.

त्याच्याखाली पहिलं छप्पर. डेल्बर्टनं ते लग्नानंतर लगेचच झाकलेलं. त्यावरही तोच माणूस होता. आता कुशीवर वळलेला, गुडघे पोटाशी, आणि आढ्यापासून बराच खाली, व्हर्नाच्या झोपायच्या खोलीच्या वर सरकलेला.

त्या उन्हात छपरावर अंडं तळलं गेलं असतं. युसेबिओनं काळ्या भागावर तळहात ठेवला आणि झटकन काढून घेतला.

"काय रे? भाजलं?"

"गार आहे, काका. झाडाखाली असावं तसं."

मीही हात लावून पाहिला. गार होतं. मी वर पाहिलं. आकाशात ढगाचा तुकडा नव्हता आणि आमच्यावर कशाचीच सावली पडत नव्हती.

मग फळ्या उघड्या पडल्या.

घर बांधल्या दिवसापासून त्या फळ्यांना ऊन माहीत नाही. तरी त्या तळ्यावरच्या जुन्या धक्क्यासारख्या करड्या, उन्हानं तडकलेल्या होत्या. फक्त एक भाग ताजा पिवळा होता. तो माणूस आता गुडघ्यांवर होता. कपाळ फळीला टेकलेलं, दोन्ही हात डोळ्यांच्या बाजूंना. काचेतून आत डोकावताना आपण धरतो तसे.

एका मेहुण्यानं छातीवर क्रॉसची खूण केली. दुसरा केव्हाच खाली उतरला होता.

"डावा पाय आत वळतो त्याचा," माझ्या मागे कुणीतरी म्हणालं.

व्हर्ना. ती शिडी चढून आलेली कुणालाच कळलं नव्हतं.

"मावशी, खाली चला," युसेबिओ म्हणाला. "पाया पडतो तुमच्या."

"लग्नात नाचताना याच पायानं माझा घोटा तुडवला होता." ती त्या पिवळ्या आकाराकडे बघत राहिली. ती कोसळेल म्हणून मी तिचा दंड धरला. पण ती लाजली होती. या वयात, तापलेल्या छपरावर, नव्या नवरीसारखी.

"म्हणजे तो गेला नव्हता, ऑर्वी," ती म्हणाली. "आणि मी त्या बाईला इतकी वर्षं शिव्या घातल्या."

युसेबिओनं ताडपत्री पसरून चारी कोपरे ठोकले. त्या फळ्या उद्या कापून नव्या घालू, एवढंच बोलला आणि सामान तिथेच टाकून निघाला.

"आज माझ्याकडे झोप," मी म्हणालो.

"तू घोरतोस."

"व्हर्ना, थट्टा नको."

"अरे, तो एवढा जवळ आलाय आणि मी उठून भावाकडे जाऊ?"

सकाळी मी गेलो तेव्हा ती स्वयंपाकघरात अंडी तळत होती. माझ्याकडे पाठ होती. मान लालबुंद होती.

ती वळली. चेहरा, गळा, हात, सगळं भाजलेलं. समुद्रकाठी दिवसभर उन्हात झोपलेल्या माणसासारखं. नाकावरची कातडी सुटू लागली होती.

मी तिच्या झोपायच्या खोलीत धावलो. आतलं छत शाबूत होतं. कुठे फट नाही, भोक नाही. खिडकीचा पडदा ओढलेला. बाहेर येऊन पाहिलं, ताडपत्रीचा एक खिळाही हलला नव्हता.

परत आलो. तिनं माझ्यापुढे बशी ठेवली. तिच्या लाल मनगटाभोवती एक पांढरा पट्टा होता. चार बोटं आणि अंगठा. पकड घट्ट असणार. कडा अगदी रेखीव होत्या.

माझी नजर पुन्हा छताकडे गेली.

"वर काय बघतोस?" व्हर्नानं मनगट कुरवाळत विचारलं. "माझा हात रात्रभर पलंगाखाली लोंबत होता."